युरोपला जाणारा तंबाखूचा माल आणि पाकिटावरचा माग-कोड: कोणते काम कुणी आणि कोणत्या क्रमाने करायचे

सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूवर युरोपीय संघाने २० मे २०१९ पासून माग-कोड, म्हणजे पाकिटाच्या प्रवासाचा माग काढता येईल असा कोड, सक्तीचा केला. सिगार, हुक्क्याचा तंबाखू, तपकीर, चघळायचा तंबाखू अशा बाकीच्या सगळ्या मालाला तीच सक्ती २० मे २०२४ पासून लागली. त्याआधी बनलेला किंवा आयात झालेला, कोड नसलेला साठा संपवायला २० मे २०२६ पर्यंतची मुदत ठरवून दिली. म्हणजे सिन्नर, संगमनेर, सोलापूर किंवा निपाणीकडच्या कारखान्यातून निघून न्हावा-शेव्यावरून युरोपला जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर स्वतःचा कोड हवा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही पाकिटावर असता कामा नये.

बहुतेक ठिकाणी हे काम लेबल छापणाऱ्याकडे सोपवून कारखाना मोकळा होतो. घोटाळा तिथेच सुरू होतो. छपाई हा या साखळीतला मधला आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. तिच्या आधी पाच कामे असतात, नंतर आणखी चार. यातला क्रम चुकला की कोड अचूक छापलेला असूनही माल अडकतो. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने लिहिले आहेत त्याच क्रमाने पुरे करावेत.

हे काम मन लावून करण्यासारखे आहे. कर चुकवून विकला जाणारा माल स्वस्त पडतो, त्यावर आरोग्याचे इशारे धड नसतात आणि तो सगळ्यात आधी कोवळ्या पोरांच्या हाती जातो. प्रत्येक पाकीट कुठून निघाले आणि कुठल्या टप्प्यावर वाटेतून गायब झाले हे सांगता आले, तरच ही गळती सापडते. कारखान्यातून चुकीची नोंद गेली, तर पुढची सगळी साखळी आंधळी होते.

## कामाला लागण्याआधी: या साखळीत कोण कोण आहे

युरोपातला आयातदार हा कायद्याच्या नजरेत मुख्य जबाबदार माणूस. तुमच्या कारखान्याची नोंदणी, कोडची मागणी, नोंदी पाठवणे हे सगळे त्याच्या नावाने चालते.

कोड देणारी संस्था प्रत्येक सदस्य देशाने आपापली नेमलेली असते. जर्मनीत बुंडेसड्रुकेराय, फ्रान्समध्ये इंप्रिमरी नासिओनाल, इटलीत सोजेई. माल युरोपबाहेर बनत असेल, तर ज्या देशाच्या बाजारात तो विकला जाणार त्या देशाच्या संस्थेकडूनच पाकिटाचे कोड घ्यावे लागतात. जर्मनीसाठी घेतलेले कोड फ्रान्सच्या मालावर चालत नाहीत.

प्राथमिक साठा म्हणजे नोंदी जपणारी स्वतंत्र कंपनी. तिच्याशी आयातदार करार करतो आणि युरोपीय आयोग तिला मान्यता देतो. सगळ्या प्राथमिक साठ्यांची माहिती एका दुय्यम साठ्यात जमा होते. तो डेन्त्सू ट्रॅकिंग ही कंपनी चालवते आणि तपास यंत्रणा तिथूनच पाहतात.

तुमच्याकडे येते ते प्रत्यक्ष काम: पाकीट, कोड, स्कॅनर, पेटी. जबाबदारी आयातदाराची आणि हात तुमचे, अशी ही वाटणी असल्यामुळे दोघांमध्ये फट राहते. बहुतेक चुका त्या फटीतूनच निघतात.

## टप्पा १: माल तिथे मुळात चालतो का, हे ठरवा

कोडचा विचार करण्याआधी हे करा, कारण इथे उत्तर 'नाही' आले तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

तोंडात धरून ठेवायचा तंबाखू स्वीडन सोडून संपूर्ण युरोपीय संघात बंद आहे. चघळायचा तंबाखू चालतो. आपल्याकडे या दोन्हींत कुणी फरक करत नाही, तिथे मात्र तो फार काटेकोरपणे केला जातो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की जो माल चघळल्याशिवाय नीट सेवनच करता येत नाही, तोच चघळायचा तंबाखू. गालात धरून ठेवला तरी काम होते असा माल पाकिटावर 'चघळायचा' लिहिल्याने चघळायचा ठरत नाही. खैनीसारखा माल पाठवणाऱ्यांनी हा निकाल आयातदाराच्या वकिलाकडून नीट समजून घ्यावा आणि त्याचे मत लेखी घ्यावे.

माल चालणार असेल, तर पुढचा प्रश्न: त्याची माहिती युरोपच्या घटक-नोंदणी व्यवस्थेत भरली आहे का? तंबाखूच्या प्रत्येक उत्पादनाचे घटक बाजारात आणण्याआधी तिथे कळवावे लागतात आणि त्यातून उत्पादनाला एक ओळख क्रमांक मिळतो. कोडची मागणी करताना हा क्रमांक भरावा लागतो. छपाईची ऑर्डर गेली, लेबलचा रोल आला आणि मग उत्पादनाचा क्रमांकच नाही असे कळते, हा प्रकार वारंवार घडतो.

> तपासा: एकाच ब्रँडची वेगवेगळी वजने किंवा वेगवेगळे स्वाद असतील, तर प्रत्येकाची माहिती वेगळी भरली आहे का? 'सगळे एकच' असे गृहीत धरू नका.

## टप्पा २: आयातदाराशी कामाची लेखी वाटणी

खरेदी-विक्रीच्या करारात या विषयावर सहसा 'पुरवठादाराने लागू नियम पाळावेत' एवढे एकच वाक्य असते. ते पुरत नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर, दोघांच्या सहीने हवीत:

- कोडची मागणी कोण टाकणार आणि कोडची फाइल कारखान्यात कुणाच्या हाती येणार?
- कोड लावल्याची नोंद आयातदाराच्या संगणक व्यवस्थेत किती वाजेपर्यंत पोहोचली पाहिजे?
- नोंद नाकारली गेली, तर तो निरोप कारखान्यात कुणाला आणि किती वेळात मिळणार?
- कोड वाया गेले, तर त्यांचे पैसे कोण देणार?
- ट्रक बदलला, पेटी फुटली, कस्टम्सने माल उघडला, तर कुणाला फोन करायचा? तिथे रविवार असला तरी.

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त माल त्याच्याच उत्तराअभावी थांबतो.

पाकिटावर माग-कोडाखेरीज एक सुरक्षा-चिन्हही लागते. त्यात उघड दिसणारे आणि न दिसणारे असे किमान पाच प्रकारचे घटक असावे लागतात आणि त्यातला निदान एक स्वतंत्र तिसऱ्या पक्षाकडून यावा लागतो. अनेक देशांत कराचा शिक्काच हे काम करतो. तो कुठे, कोण आणि कधी चिकटवणार हेही याच कागदावर लिहा, कारण त्याची जागा आणि कोडची जागा एकमेकांवर येऊ शकते.

## टप्पा ३: तीन नोंदण्या

नोंदणी तीन गोष्टींची होते: व्यवसायाची, कारखान्याची, यंत्राची. प्रत्येकीचा वेगळा ओळख कोड मिळतो.

आयातदार स्वतःच्या व्यवसायाची नोंद करतो. युरोपबाहेरच्या कारखान्याची आणि तिथल्या यंत्रांची नोंद करण्याची जबाबदारीही त्याचीच, मात्र तुमची संमती घेऊन. नोंद झाल्यावर मिळालेला कारखान्याचा कोड आणि सगळा तपशील त्याने तुम्हाला कळवायचा असतो. तो मागून घ्या आणि फाइलला लावा.

इथे चुका कागदपत्रांच्या असतात. जीएसटी नोंदणीवर एक पत्ता, आयात-निर्यात कोडवर दुसरा, कारखान्याच्या परवान्यावर गट नंबरसकट तिसरा. एका पत्त्याचे इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले. आयातदार हाती येईल तो कागद बघून भरतो आणि पुढे शिपिंगच्या कागदांशी ते जुळत नाही. म्हणून कारखान्याचा पत्ता नेमका कसा लिहायचा हे आधी तुम्हीच ठरवा आणि आयातदाराला तोच मजकूर टाइप करून पाठवा.

दोन ठिकाणी दोन शेड असतील, एकात उत्पादन आणि दुसऱ्यात पॅकिंग, तर आयातदाराला ते आधीच सांगा. नंतर उघडकीला येणे वाईट.

विडीवाल्यांसाठी खास सूचना. कोडची मागणी करताना उत्पादनात यंत्र वापरले जाते की नाही, हे नोंदवावे लागते. 'यंत्र नाही' हा पर्याय फक्त पूर्णपणे हाताने बनणाऱ्या मालासाठी आहे. विडी हाताने वळलेली असली, तरी बंडलाला कागद गुंडाळायला किंवा पुड्याला आवरण लावायला एखादे यंत्र लागत असेल, तर ते लपवू नका. यंत्राचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक आयातदाराला द्या आणि कोणता पर्याय भरायचा, ते त्याच्याकडून लेखी घ्या.

> सावध: यंत्र बदलले, विकले, दुसऱ्या शेडमध्ये हलवले, तर जुन्या यंत्राच्या नावाने कोड मागत राहू नका. पाकिटाच्या कोडातच कारखाना आणि यंत्र दडलेले असते. खोट्या यंत्राचा कोड म्हणजे खोटी नोंद.

## टप्पा ४: पाकिटाचे डिझाइन आणि कोडची जागा

नियम थोडक्यात असा: कोड पाकिटावर पक्का छापलेला किंवा चिकटवलेला हवा, निघू किंवा पुसू नये. कराच्या शिक्क्याने किंवा किमतीच्या चिठ्ठीने तो झाकला जाऊ नये आणि पाकीट उघडताना फाटू नये.

शेवटची अट सगळे विसरतात. झाकणावर किंवा फाडायच्या पट्टीवर कोड छापला, तर पाकीट उघडताच तो दुभंगतो. हुक्क्याच्या तंबाखूच्या खोक्यावर वरची घडी ही सगळ्यात मोकळी जागा दिसते, आणि नेमकी तीच चुकीची.

एका पाकिटासाठी ठिपक्या-चौकोनांच्या कोडचे तीन प्रकार चालतात: डेटा मॅट्रिक्स, क्यूआर आणि डॉटकोड. उभ्या रेघांचा कोड १२८ फक्त बाहेरच्या पेटीवर किंवा पॅलेटवर चालतो, पाकिटावर नाही. जागा पुरत असेल, तर कोडबरोबर माणसाला वाचता येईल असा अक्षरी मजकूरही छापायचा असतो. दुकानाच्या बिलिंगचा नेहमीचा बारकोड वेगळा. तो एका जातीच्या सगळ्या पाकिटांवर एकच असतो. तो आधीपासून आहे म्हणून काम झाले, असे समजणारे अजूनही भेटतात.

विडीचे बंडल एका टोकाला निमुळते असते, त्यामुळे आडव्या दिशेने लावलेला चौकोनी कोड वळतो आणि स्कॅनर अडखळतो. लहान आकाराचा डेटा मॅट्रिक्स, जाड टोकाकडे आणि बंडलाच्या लांबीच्या दिशेने लावून पाहा. तरीही जमत नसेल, तर बंडल सपाट खोक्यात घालून ते खोके हेच विक्रीचे पाकीट करता येईल का, यावर आयातदाराशी बोला.

> तपासा: डिझाइन पक्के करण्याआधी दहा रिकामी पाकिटे पूर्ण तयार करा. आवरण, कराचा शिक्का, इशारे, कोड सगळे लावा. मग ती एखाद्या गिऱ्हाइकासारखी उघडा आणि उघडल्यावर कोड पुन्हा स्कॅन करा.

## टप्पा ५: कोडची मागणी

मागणीत उत्पादनाचा प्रकार, ब्रँड, वजन, कारखाना, यंत्र, कोणत्या देशाच्या बाजारासाठी आणि कोणत्या मार्गाने, आयातदार कोण, किती कोड हे सगळे भरले जाते. यातले बरेचसे कोडातच बसते. नंतर ते खोडून बदलता येत नाही.

मागणी गेल्यावर कोड देणाऱ्या संस्थेला कामकाजाचे दोन दिवस असतात. चूक लक्षात आली, तर मागणी रद्द करायला कामकाजाचा एकच दिवस मिळतो. शनिवारी आपला कारखाना चालू, तिकडची कचेरी बंद. गुरुवारी संध्याकाळी पाठवलेल्या मागणीचे कोड सोमवारी सकाळच्या पाळीला मिळतील असे धरून माणसे बोलावू नका. डिसेंबरअखेरच्या सुट्ट्या तर आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता मुदत. कोड हाती आल्यापासून सहा महिन्यांत तो पाकिटावर लागला पाहिजे. त्यानंतर तो मरतो. म्हणून 'एकदम वर्षभराचे घेऊ, स्वस्त पडतील' हा हिशेब इथे चालत नाही. समजा दोन लाख पाकिटांची ऑर्डर आहे आणि छपाई-पॅकिंगमध्ये साधारण चार टक्के लेबले खराब होतात. मग दोन लाख आठ हजार कोड मागा आणि ते त्याच ऑर्डरला बांधा. पुढच्या ऑर्डरसाठी नवी मागणी टाका. उरलेले कोड पुढे वापरायचे असतील, तर माल तोच, यंत्र तेच, बाजार तोच आणि मुदत शिल्लक, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

> सावध: कोडची फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ज्याच्या हाती ती पडते, तो तेच कोड खोट्या पाकिटावर छापू शकतो, आणि मग तुमचे खरे पाकीट संशयित ठरते. फाइल कुणी उघडली, कुणाला दिली, कधी पुसली याची वही ठेवा.

## टप्पा ६: छपाई आणि चिकटवणे

दोन रस्ते आहेत. लाइनवरच पाकिटावर छापायचे किंवा आधी लेबले छापून आणून चिकटवायची. लहान कारखान्याला दुसरा रस्ता सोयीचा वाटतो. त्यात धोका एवढाच की 'छापले' आणि 'लावले' या दोन गोष्टी एक समजल्या जातात. रोलवर छापलेले लेबल पाकिटावर चिकटून, स्कॅन होऊन बाहेर पडेपर्यंत कोड लागलेला नसतो.

उष्णतेने काळे होणाऱ्या कागदावर, म्हणजे वजनकाट्याच्या पावतीसारख्या कागदावर, कोड छापू नका. बंद कंटेनर उन्हात तापला की तो कागद काळवंडतो किंवा फिका पडतो. रिबन वापरून सिंथेटिक लेबलवर छापलेला कोड टिकतो. हुक्क्याच्या तंबाखूत काकवी आणि ग्लिसरीन असते, त्यामुळे पाकिटाला चिकट हात लागतात. बोटाला थोडे ग्लिसरीन लावून कोडवर चोळून पाहा, पुसला जात असेल तर शाई बदला. पावसाळ्यात पॅकिंगच्या खोलीत दमट हवेने डिंक धरत नाही, तेव्हा लेबलचे कोपरे उचलले जातात का, हे दर पाळीला बघा.

छपाईचा दर्जा मोजायचे प्रमाण शून्य ते चार असे आहे आणि युरोपच्या नियमात धरलेली पातळी ३.५. मोबाइलने कोड वाचला गेला म्हणजे दर्जा चांगला, असे होत नाही. मोबाइल बराच खराब कोडही वाचतो. छपाईवाल्याकडून तपासणी यंत्राचा अहवाल मागा, प्रत्येक रोलच्या सुरुवातीचा आणि शेवटचा.

कोडच्या शेवटी उत्पादनाची वेळ असते: वर्ष, महिना, दिवस, तास. वेळ जागतिक प्रमाणवेळेची लागते, भारतीय नाही. आपण साडेपाच तास पुढे आहोत. रात्रपाळीत १० जूनच्या पहाटे तीनला लागलेल्या पाकिटाची खरी नोंद ९ जूनच्या रात्री साडेनऊची असते. संगणकाला हे शिकवा, माणसाच्या डोक्यावर सोडू नका. पाळीच्या कामगाराने घड्याळ बघून वेळ भरली की तारीख चुकणारच.

## टप्पा ७: प्रत्येक पाकिटाची पडताळणी

कोड लावल्यावर पाकीटन्‌पाकीट स्कॅन व्हावे लागते. शंभरातले पाच काढून पाहणे पुरत नाही. जो कोड वाचला गेला नाही, ते पाकीट बाजूला काढून त्यावर नवा कोड लावायचा आणि जुना रद्दच्या यादीत टाकायचा.

या पडताळणीवर छेडछाड टिपणारे एक साधन बसवावे लागते. ते स्वतंत्र कंपनीने पुरवलेले आणि बसवलेले हवे. त्यातली नोंद नऊ महिने उपलब्ध ठेवायची असते. पूर्णपणे हाताने चालणाऱ्या उत्पादन-प्रक्रियेला या साधनातून सूट आहे. ती आपल्याला लागू होते असे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका, टप्पा ३ मध्ये यंत्राबद्दल जे भरले त्याच्याशी हे जुळले पाहिजे.

पाळी संपली की हा हिशेब लागला पाहिजे:

आलेले कोड = लागलेले + खराब झालेले + शिल्लक

फरक एकाचाही आला, तरी पाळी बंद करू नका. हरवलेले लेबल बहुधा यंत्राखाली किंवा कचऱ्याच्या पिशवीत सापडते, पण ते त्याच दिवशी शोधले तर. खराब लेबले कात्रीने कोडमधून कापा, मोजा, लिफाफ्यात घालून त्यावर पाळीची तारीख घाला. ती अख्खी भंगारवाल्याकडे गेली, तर कुणाच्याही पाकिटावर लागू शकतात.

## टप्पा ८: पेटी, मास्टर कार्टन, पॅलेट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

पाकिटे पेटीत भरली की पेटीला स्वतःचा कोड मिळतो आणि त्या कोडखाली आतल्या सगळ्या पाकिटांचे कोड नोंदवले जातात. पेट्या मास्टर कार्टनमध्ये, कार्टन पॅलेटवर, अशी एकावर एक बांधणी. फायदा असा की पुढे कुणालाच पेटी फोडून पाकिटे स्कॅन करावी लागत नाहीत, वरचा एक कोड वाचला की आतले सगळे कळते. तोटाही त्यातच आहे: बांधणी चुकली, तर ती चूक कुणाला दिसतच नाही. ती थेट हॅम्बुर्गच्या गोदामात उघडकीला येते.

ही बांधणी बिघडते ती अशी:

बंद पेटीत बदल. पेटी बांधून झाल्यावर कुणाला एक पाकीट दबलेले दिसते. तो ते काढतो, दुसरे घालतो, टेप लावतो. कागदावर जुनेच पाकीट आत असते. उपाय एकच: बंद पेटी फोडायची असेल, तर तिची बांधणी संगणकात मोडायची, पाकिटे पुन्हा स्कॅन करायची, नव्या कोडची पेटी करायची. जुना पेटी-कोड परत वापरायचा नाही.

भरण्याआधी स्कॅन. कामगार टेबलावर पन्नास पाकिटे मांडतो, स्कॅन करतो, मग भरतो. शेजारच्या टेबलावरची दोन इकडे येतात. पाकीट पेटीत पडताना स्कॅन व्हावे अशी टेबलाची मांडणी करा. एका टेबलावर एकच उघडी पेटी.

अर्धी पेटी. पाळी संपताना उरलेली तीस पाकिटे 'पन्नास'च्या पेटीत घालून बंद होतात आणि संगणकाला पन्नासच सांगितलेले असते. अपुरी पेटी अपुरी म्हणूनच नोंदवा, त्यात काही गैर नाही.

दोन देशांचा माल एका पॅलेटवर. हे टाळाच. जर्मनीचे आणि फ्रान्सचे कार्टन वेगवेगळ्या रंगाच्या टेपने बांधा. नोंद कितीही बरोबर असली, तरी उतरवणारी माणसे रंग बघून काम करतात.

> तपासा: दर पाळीला कोणतीही एक बंद पेटी उचला, फोडा, आतला प्रत्येक कोड यादीशी ताडून पाहा. एक जरी जुळला नाही, तर त्या पाळीचे एकही कार्टन पॅलेटवर चढवू नका.

## टप्पा ९: माल निघण्याची नोंद

कोड लावणे, पेटी बांधणे या घटनांची नोंद सध्या चोवीस तासांच्या आत पाठवता येते. २० मे २०२८ नंतर ही मुदत तीन तासांवर येणार आहे. म्हणून रोज रात्री एकदा फाइल पाठवायची सवय आताच मोडा, दर पाळीला पाठवा.

माल रवाना होण्याची नोंद मात्र उलटी चालते. ती घटनेच्या आधीच्या चोवीस तासांत जावी लागते. एका वाहनातून दुसऱ्या वाहनात माल चढवण्यालाही हेच लागू. ट्रक गेटबाहेर पडला आणि मग निवांत नोंद केली, ही आपल्या ई-वे बिलाच्याही आधीपासूनची सवय इथे महागात पडते. नोंदीत कुठे चालला, कशाने चालला, वाहनाचा क्रमांक, आतले कोड हे सगळे असते. कारखान्यातून बंदरापर्यंतचा आणि जहाजाचा भाग कुणी, कोणत्या नावाने नोंदवायचा, ते टप्पा २ च्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

ट्रक ऐनवेळी बदलला, तर चुकीची नोंद मागे घेऊन नवी पाठवायची असते. 'नंबर तेवढा पेनाने दुरुस्त केला' हे फक्त गेटपासवर चालते.

आणि बंदरावरची तपासणी. कस्टम्सने कंटेनर उघडून दोन पाकिटे नमुना म्हणून काढून घेतली, तर ती पेटी आता पूर्ण नाही. तुमच्या क्लिअरिंग एजंटला आधीच समजावून ठेवा: कोणती पेटी उघडली, कोणती पाकिटे गेली यांचा फोटो कोडसकट त्याच वेळी काढायचा आणि पाठवायचा. माल निघून गेल्यावर हे शोधता येत नाही.

> सावध: नोंद पाठवली म्हणजे स्वीकारली गेली, असे नाही. स्वीकृतीचा निरोप हाती आल्याशिवाय गेट उघडू नका. तो निरोप प्रिंट करून डिस्पॅचच्या फाइलला लावा.

## टप्पा १०: फुटले, भिजले, चोरीला गेले, परत आले

नष्ट झालेल्या किंवा चोरीला गेलेल्या पाकिटाचा कोड निष्क्रिय करावा लागतो आणि कारण द्यावे लागते. चोरीची फिर्याद पोलिसांत गेली की त्याच दिवशी कोडची यादी आयातदाराकडे गेली पाहिजे. लाजेने किंवा विम्याच्या भानगडीने ही यादी दाबून ठेवणारे कारखाने नकळत चोरालाच मदत करतात. तो माल तुमच्याच चालू कोडसह कुठल्यातरी बाजारात विकला जातो.

मुदत संपलेले, न वापरलेले कोडही शिल्लक म्हणून पडू देऊ नका. कशाचे काय झाले, हे आयातदाराला कळवा.

## दुसऱ्या बाजारांबद्दल दोन शब्द

जर्मनीची ऑर्डर रद्द झाली म्हणून तोच माल लंडनला वळवता येत नाही. ग्रेट ब्रिटनची २०२१ पासून स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. उत्तर आयर्लंड मात्र युरोपच्याच व्यवस्थेत राहिले. संयुक्त अरब अमिरातीत कराचे डिजिटल शिक्के लागतात आणि त्यांचा युरोपच्या कोडशी काही संबंध नाही. माल वळवायचा झाला, तर आधी जुने कोड निष्क्रिय करून घ्या, मग नव्या बाजाराचे पाकीट आणि नवे चिन्ह. जुन्या कोडवर स्टिकर चिकटवून पाठवलेला माल पाहणाऱ्याला तस्करीचाच वाटेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

देशातल्या मालासाठीही हेच येऊ घातले आहे. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धच्या जागतिक करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. २०२५ च्या वित्त कायद्याने केंद्रीय जीएसटी कायद्यात कलम १४८अ घातले. केंद्र सरकार अधिसूचित करेल त्या मालावर किंवा पाकिटावर वेगळी ओळख-खूण लावणे, तिची माहिती देणे आणि यंत्रांचा तपशील कळवणे त्यात आहे. ते मोडले, तर एक लाख रुपये किंवा त्या मालावरच्या कराच्या दहा टक्के, यातली मोठी रक्कम दंड म्हणून भरावी लागते. म्हणून छपाईचे यंत्र किंवा सॉफ्टवेअर आता विकत घेत असाल, तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा आणि उत्तर कोटेशनवरच लिहून घ्या: एकाच लाइनवर निर्यातीचे आणि देशातले कोड वेगवेगळ्या साठ्यांतून चालवता येतात का, आणि एका साठ्यातला कोड चुकून दुसऱ्या मालावर लागू लागला तर लाइन आपोआप थांबते का.